पंचकोश म्हणजे कांदा का?

कांदेनवमी | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं उभं राहून काढली, आता कंबर त्याची वसुली करतेय. म्हणून घरच्यांनी गंगापूर रोडवरच्या एका योगवर्गात नाव घातलं. आसनं जमतील तशी करतो, शवासन उत्तम जमतं.

गेल्या आठवड्यात बाईंनी पंचकोश, म्हणजे माणसाचे पाच थर, समजावताना फळ्यावर एकात एक अशी पाच वर्तुळं काढली. बाहेरून आत अन्नमय (शरीर), प्राणमय (श्वास), मनोमय (मन), विज्ञानमय (बुद्धी), आनंदमय (आनंद). मधोमध एक टिंब, तो आत्मा. म्हणाल्या, "कांद्यासारखं समजा. एकेक पापुद्रा सोलत जायचं, शेवटी आत्मा सापडतो."

आता मी निफाड तालुक्यातला. लहानपण कांद्याच्या चाळीत गेलेलं. हात वर केला नि म्हटलं, बाई, कांदा सोलत गेलं तर शेवटी काहीच राहत नाही हो, डोळ्यांत पाणी राहतं तेवढं. वर्ग हसला, बाईही हसल्या. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. पाच थर काढून टाकले तर खाली उरतं काय? आणि काढायचे म्हणजे नेमके कशाने काढायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:२२

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

श्वासोच्छ्वास | मंगळवार, रात्री ९:५१

काका, मी तुमच्या वर्गातली नाही, पण इंदिरानगरात वर्ग घेते आणि मीही गेली आठ वर्षं कांदाच सांगते. :) आमच्या शिक्षक प्रशिक्षणात तीच आकृती होती. परीक्षेत पाच वर्तुळं काढून नावं दिली की पूर्ण गुण.

खरं सांगू, वर्तुळं वाईट नाहीत. रात्रपाळी करून आलेला माणूस सतरंजीवर आडवा पडतो तेव्हा त्याला उपनिषद ऐकायचं नसतं. त्याला म्हणायचं, आधी टाचा जमिनीला टेकल्यात ते बघ. मग श्वास बघ. मग डोक्यात काय चाललंय ते नुसतं बघ. जाडाकडून बारीककडे, एवढ्यासाठी आकृती पुरते. मधल्या टिंबापाशी मात्र मी स्वतःच घाईने पुढे जाते, हे कबूल.

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ११:०५

कांदेनवमी, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी पंचवटीत राहते, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. थोडं लांबण लागेल, कंटाळा आला तर खाली सरका.

हे सगळं येतं तैत्तिरीय उपनिषदातून. कृष्ण यजुर्वेदाचं उपनिषद, तीन वल्ली (भाग): शीक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली, भृगुवल्ली. पाच थर दुसऱ्या वल्लीत आहेत. शाळेत आपण सगळ्यांनी "सह नाववतु" घोकलंय, तो या वल्लीचाच शांतिपाठ.

गंमत अशी, की या पाचांना उपनिषद कोश म्हणतच नाही. आत्मा म्हणतं. अन्नरसमय आत्मा. त्याहून वेगळा, त्याच्या आतला प्राणमय आत्मा. त्याच्याही आतला मनोमय. पाचही वेळा शब्द 'आत्मा'च आहे. आणि प्रत्येक आतल्याबद्दल म्हटलंय, "तेनैष पूर्णः". त्याने हा भरलेला आहे. 'कोश' हा शब्द त्याच उपनिषदात पहिल्या वल्लीत येतो, पण तिथे तो ॐकाराला उद्देशून आहे: "ब्रह्मणः कोशोऽसि मेधया पिहितः" (तू ब्रह्माचा कोश आहेस, बुद्धीने झाकलेला). पाच थरांना कोश हे नाव नंतरच्या आचार्यांचं. शंकराचार्यांच्या भाष्यात ते आहे, आणि चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीत तर 'पंचकोशविवेक' नावाचं आख्खं प्रकरण आहे.

दुसरं म्हणजे मुळात वर्तुळं नाहीत, पक्षी आहे. प्रत्येक थराला डोकं, उजवा पंख, डावा पंख, धड आणि शेपूट. प्राणमयाचं डोकं प्राण, उजवा पंख व्यान, डावा अपान, धड आकाश, शेपूट पृथ्वी. मनोमयाचं डोकं यजुस्, पंख ऋक् आणि साम. म्हणजे मन कशाचं बनलंय, तर पाठ केलेल्या शब्दांचं! मला हे फार आवडतं. विज्ञानमयाचं डोकं श्रद्धा, पंख ऋत आणि सत्य, धड योग. ('योग' शब्द इथे आहे, योगवर्गवाल्यांनी खूश व्हावं.) आनंदमयाचं डोकं प्रिय, पंख मोद आणि प्रमोद, धड आनंद, आणि शेपूट? "ब्रह्म पुच्छं प्रतिष्ठा" (ब्रह्म हे शेपूट, आधार). या शेवटच्या तीन शब्दांवरून आचार्यांच्यात शतकानुशतकं वाद झाला. त्याबद्दल उद्या, आता डोळे मिटतायत.

पक्षीच का? यजुर्वेदी मंडळी अग्निचयन नावाच्या यज्ञाला विटांची वेदी रचतात ती पक्ष्याच्या आकाराची. तोच पक्षी इथे आत आत उडत गेलाय, असं मला वाटतं.

सातासमुद्रापार | बुधवार, पहाटे ४:३०

वाचनखूण साठवली. गोदाकाठची ताई, तुमच्यासाठी रोज लॉगिन करायला हरकत नाही.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:१५

छान. आता माझी सवयीची कुरकुर. पाचच का? चार का नाहीत, सात का नाहीत? शरीर दिसतं, श्वास मोजता येतो. मन आणि बुद्धी ही एकाच मेंदूच्या कामाची दोन नावं. आनंदमय नावाचा थर कुठल्या एमआरआयमध्ये आलाय? पूर्वीच्यांनी उत्तम कविता केली, तिचं आपण शरीरशास्त्र करून ठेवलं. हलके घ्या.

टाकळीचा_मारुती | बुधवार, सकाळी ९:०२

शंकासुर, चार का नाहीत म्हणालात म्हणून. चार आहेत की!

आमच्या टाकळीच्या संगमावर, नंदिनी गोदावरीला मिळते तिथे समर्थांनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षं तप केलं. नाशिककर त्यांच्या हातचा गोमय मारुती बघून येतात, दासबोध उघडायचं राहून जातं. दशक १७, समास ९, नावच 'तनुचतुष्टय'. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह, आणि त्यांच्या अवस्था जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या. हे चार पिंडाचे. ब्रह्मांडाचे आणखी चार: विराट, हिरण्यगर्भ, अव्याकृत, मूळप्रकृती. एकूण आठ. म्हणजे आकडा पवित्र नाही. ज्याला जसं मोजायला सोयीचं तसं मोजलं.

वेदांताची शिकवणी लावली तर पहिल्याच आठवड्यात जोड लावून देतात: अन्नमय म्हणजे स्थूल देह, मधले तीन मिळून सूक्ष्म, आनंदमय म्हणजे कारण देह. महाकारणाला पंचकोशात जोडीदार नाही, कारण तिथे कोश संपलेले असतात.

श्वासोच्छ्वास | बुधवार, सकाळी ९:४०

आणि पतंजलींच्या योगसूत्रांत पंचकोश नाहीतच, हे मला शिकवायला लागून पाच वर्षं झाल्यावर कळलं. तिथे चित्त, वृत्ती, द्रष्टा. आसन म्हणजे अन्नमय, प्राणायाम म्हणजे प्राणमय, अशी जोडी पुस्तकांत बिनदिक्कत छापतात. सोयीची आहे, पण पतंजलींच्या नावावर खपवू नये.

बालवाडीताई | बुधवार, दुपारी २:२०

शाळा सुटली, आता लिहिते. या धाग्यावर माझा हक्क आहे, कारण पंचकोश सध्या आमच्या नोकरीचा भाग आहेत!

२०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात तैत्तिरीय उपनिषदाचा हवाला देऊन पंचकोश विकास आहे. वाचायला वाईट नाही. शरीर, श्वास, भावना, विचार आणि आनंद हे वेगवेगळे कप्पे नाहीत, मूल सगळं एकदम वाढतं, असा सूर आहे.

शाळेत येईपर्यंत त्याचं काय झालं ऐका (शाळेचं नाव विचारू नका). वेळापत्रक! सोमवार अन्नमय, मंगळवार प्राणमय, बुधवार मनोमय, गुरुवार विज्ञानमय, शुक्रवार आनंदमय. आनंदमय म्हणजे मैदानावर सोडायचं. एका पोराने गुरुवारी विचारलं, "टीचर, आज आनंद नाही का?"

शंकासुर | बुधवार, दुपारी २:३१

हा पोरगा माझा वारसदार आहे. पत्ता द्या.

ओतारीबुवा | बुधवार, रात्री ८:४५

मी इथे नुसता वाचत असतो, प्रतिसाद देत नाही. पण "तेनैष पूर्णः" म्हणजे भरलेला, यावर थांबलो. आमचं काम भरायचंच आहे. जुन्या नाशकात आमची ओतकामाची भट्टी, आजोबांपासून. टाक, समया, घंटा, लहान मूर्ती. (तांबट वेगळे, आम्ही वेगळे. तांबट ठोकतो, ओतारी ओततो. बाहेरचे लोक दोन्हीला भांडीवालेच म्हणतात.)

साच्यात रस ओतला की तो साच्याचा आकार घेतो. नाक, डोळा, बोटाची पेरं. आता साचा आणि मूर्ती हे कांद्याचे दोन पापुद्रे नव्हेत. कोपरा न् कोपरा भरला तरच मूर्ती होते, नाहीतर बोट तुटकं येतं नि पुन्हा वितळवावं लागतं. ताईंनी सांगितलेला आतला थर असाच बाहेरच्याला भरतो का?

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०:३०

ओतारीबुवा, तुम्हाला दंडवत. तुम्ही नकळत शंकराचार्यांच्या भाष्यातला दृष्टान्त सांगितलात.

उपनिषद म्हणतं, अन्नमय माणसाच्या आकाराचा आहे, म्हणून आतला प्राणमयही माणसाच्या आकाराचा. शंकराचार्य विचारतात, प्राणाला आकार कुठला आला? आणि उत्तर देतात: मुशीत ओतलेल्या मूर्तीसारखा. संस्कृतात 'मूषा', आपल्या मराठीत 'मूस'. त्यांच्याच उपदेशसाहस्री या ग्रंथातही हीच उपमा आहे, तिथे मुशीत तांबं ओततात आणि ते मुशीसारखं होतं. चित्त ज्या वस्तूकडे जातं तिचा आकार घेतं, हे दाखवायला.

पण कांदेनवमी, तुमची बाजूही त्याच भाष्यात आहे! त्याच ठिकाणी सुरुवातीला ते म्हणतात, पाच कोश दूर करून आतलं ब्रह्म दाखवायचं, कसं, तर अनेक तुसं असलेला कोद्रा (एक भरड धान्य) कांडून आतला दाणा काढावा तसं. एका दाण्याला किती तुसं असतात हे कोद्रा सडलेल्या बाईला विचारा. म्हणजे दोन उपमा शेजारी शेजारी, एक सोलण्याची, एक ओतण्याची. आपण सोलण्याची तेवढी उचलली.

ओतारीबुवा | बुधवार, रात्री ११:१०

एक बारीक खोट काढतो, राग नसावा. आमच्यात मूस म्हणजे ज्यात धातू वितळवतात ते भांडं. ज्यात ओततात तो साचा. आचार्यांनी दोन्हीला एकच शब्द वापरलेला दिसतो.

आणि तांबं? निव्वळ तांबं ओतायला महा कटकटीचं. हवा धरतं, आतून छिद्रं पडतात. पितळ कसं सरळ धावतं. आचार्यांच्या ओळखीचा ओतारी फार हुशार असला पाहिजे.

कांदेनवमी | गुरुवार, सकाळी ७:००

टूलरूमचा माणूस म्हणून या प्रतिसादाला शंभर गुण.

काल रात्री ब्रह्मानंदवल्लीचं मराठी भाषांतर मिळवून वाचलं. आठव्या अनुवाकात (परिच्छेदात) आनंदाचा हिशोब आहे, तो कॅल्क्युलेटरवर केला. एकक असं धरलंय: तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा माणूस आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. हा एक मानुष आनंद. मग मनुष्यगंधर्वाचा त्याच्या शंभरपट, देवगंधर्वाचा त्याच्या शंभरपट, असं करत पितर, देवांचे तीन प्रकार, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, ब्रह्मा. दहा वेळा शंभरने गुणायचं. एकावर वीस शून्यं!

आणि मनुष्यगंधर्वापासून दर पायरीला एकच पुरवणी: ज्याला वेद कळलाय आणि ज्याला कामनेने मारलेलं नाही, त्याला हा आनंद आहेच. म्हणजे वीस शून्यं फुकट. आमच्या कारखान्यात अशी वेतनवाढ असती तर...

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १:१५

मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे, द्वारका भागात राहते. आनंदमय कोश म्हणजे गाढ झोप असं कुठेतरी ऐकलं होतं. ते बरोबर आहे का? कारण झोप आणि भूल यांत मला रोज फरक दिसतो. दुपारी डुलकी काढून उठलेला माणूस म्हणतो, "काय मस्त झोप लागली." भूल उतरलेला पेशंट असं म्हणत नाही. तो विचारतो, "सुरू करताय ना?" ऑपरेशन होऊन तासभर झालेला असतो. मधला तास त्याच्या लेखी झालेलाच नसतो.

गोदाकाठची | गुरुवार, दुपारी ४:४०

रात्रपाळी, तुमच्या निरीक्षणावर वेदांत्यांनी शंभर पानं लिहिली असती.

त्यांचा युक्तिवाद नेमका "मस्त झोप लागली" या वाक्यावर उभा आहे. "सुखाने झोपलो, काही कळलं नाही". काही कळत नव्हतं तर सुख झालं हे उठल्यावर कुणी सांगितलं? म्हणजे मन बुद्धी निजलेली असताना काहीतरी साक्षी होतं, आणि त्याला सुखाचा एक पातळ पडदा होता. तो पडदा म्हणजे आनंदमय. योगसूत्रांतही झोप ही शून्य धरलेली नाही, ती चित्ताची एक वृत्तीच आहे (१.१०). भुलीचं काय, हे त्यांच्यापुढे नव्हतं. मी त्यांच्या वतीने उत्तर देणार नाही.

आता राहिलेला वाद. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदांताच्या सूत्रग्रंथात, एक सूत्र आहे, "आनन्दमयोऽभ्यासात्" (१.१.१२). रामानुजाचार्य म्हणतात, आनंदमय म्हणजेच ब्रह्म, '-मय' म्हणजे भरपूर, आनंदाने ओतप्रोत. शंकराचार्य आधी तसाच अर्थ लावून दाखवतात आणि मग मोडतात: अन्नमय, प्राणमय यांत '-मय' म्हणजे 'चा बनलेला', मग पाचव्यालाच अर्थ बदलायचा का? शिवाय त्याला डोकं आहे, पंख आहेत, आणि ब्रह्म त्याचं शेपूट, आधार म्हटलंय. आधार आणि ज्याला आधार दिलाय ते एक कसं? म्हणून आनंदमयही कोशच. माझं मत विचाराल तर व्याकरण शंकराचार्यांच्या बाजूने आहे, पण मन रामानुजांकडे जातं.

त्रिरश्मी | गुरुवार, रात्री ९:००

मला राहवत नाहीये. कांदा चुकीचा आहे असं सगळे धरून चाललेत. तो फक्त चुकीच्या डोंगरावर नेलाय.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या. २४ लेणी आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख वाचा, उषवदाताची दानं वाचा. (आणि पांडवांचा तिथे काही संबंध नाही, हे एकदा सांगून टाकतो, नेहमीचं आहे.) ही लेणी ज्या भिक्षूंसाठी कोरली ते काय शिकवत? रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाचच. पंचस्कंध. सोलत जा, आत कुणी मालक बसलेला नाही, आणि हेच कळायचं असतं. कांदेनवमी, तुम्ही योगवर्गात हात वर करून जे बोललात, त्याला तिथल्या भिक्षूंनी साधुकार दिला असता.

टाकळीचा_मारुती | गुरुवार, रात्री ९:२५

त्रिरश्मी, मुद्दा मान्य. पण उपनिषदवाल्यांची गुहाही विसरू नका. "यो वेद निहितं गुहायाम्", गुहेत ठेवलेलं ते जो जाणतो. पंचदशीत ती गुहा कुठली तेही सांगितलंय: देहाच्या आत प्राण, प्राणाच्या आत मन, मग कर्ता, मग भोक्ता, ही परंपरा म्हणजेच गुहा. विज्ञानमय म्हणजे 'मी करतो' म्हणणारा आणि आनंदमय म्हणजे 'मी भोगतो' म्हणणारा. तुमची गुहा रिकामी आणि आमच्या गुहेत कुणीतरी आहे, एवढाच फरक.

त्रिरश्मी | गुरुवार, रात्री ९:३२

"एवढाच" म्हणे!

शंकासुर | गुरुवार, रात्री ९:४०

प्रतिसाद काढून टाकला आहे.

नुसतीच_वाचक | शुक्रवार, पहाटे ३:५०

झोप नाही म्हणून लिहितेय. माझ्या आईला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाही, बहुतेक वेळा 'अहो बाई' म्हणते. कुठल्या गावात आहोत ते माहीत नाही. पण ताट पुढे आलं की हात जोडून "वदनि कवळ घेता" पूर्ण म्हणते, एक शब्द न चुकता, "उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म" पर्यंत. मग जेवते.

तुमचे थर वाचत होते आणि डोक्यात एकच प्रश्न. तिचा कुठला कोश गेला? कुठला राहिला? म्हणणारी कोण आहे?

गोदाकाठची | शुक्रवार, सकाळी ६:३०

बाई, कुठला कोश गेला हे मी सांगणार नाही. मला माहीत नाही, आणि उपनिषद तुमच्या आईचं काय उरलं ते मोजायला लिहिलेलं नाही. एवढं मात्र सांगते. ती जे म्हणते त्यात "अन्न हे पूर्णब्रह्म" आहे. तिसऱ्या वल्लीत भृगू बापाला, वरुणाला विचारतो, ब्रह्म शिकवा. वरुण सरळ उत्तर देत नाही, तप कर म्हणतो. भृगू तप करून परत येतो तो पहिलं उत्तर घेऊन: अन्न ब्रह्म आहे. मग पुन्हा तप, पुन्हा उत्तर. प्राण, मन, विज्ञान, आनंद. पण गोष्ट आनंदावर संपत नाही. पुढे लगेच व्रतं आहेत: अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ करावं, दारी आलेल्याला नाही म्हणू नये. आणि पाचही ओलांडून गेलेला माणूस शेवटी गात फिरतो, काय गातो? "अहमन्नम् अहमन्नम् अहमन्नम्". मी अन्न आहे. सगळं पार करून पुन्हा पहिल्या थराशी.

तुमची आई गेली कुठे ते मला कळत नाही. बसलीय कुठे ते दिसतंय.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ७:१०

ताई, रात्रीचं कुणी मदतीला आहे का तुमच्याकडे? व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.

नुसतीच_वाचक | शुक्रवार, सकाळी ११:३०

बघितला. आभार. दोघींचेही.

कांदेनवमी | शुक्रवार, रात्री ८:२०

काल चुलतभावाचा निफाडहून फोन आला, चाळीतला उन्हाळ कांदा कोंब धरायला लागलाय म्हणून. त्यावरून आठवलं आणि स्वतःच्याच डोक्यात मारून घेतलं.

घरातून एक कांदा घेतला, उभा चिरला. आडवा नाही, उभा. आडवा चिरला की वर्तुळं दिसतात, फळ्यावरची तीच. उभा चिरला की वेगळंच दिसतं. सगळे पापुद्रे खाली एका चकतीला चिकटलेले असतात. आम्ही तिला बूड म्हणतो. पापुद्रे म्हणजे पानांचेच फुगलेले तळ, आणि खरं खोड म्हणजे ती खालची बोटभर चकती. मुळं तिथूनच फुटतात, वर कोंबही तिथूनच येतो. कांदा चिरताना आपण पहिलं बूड कापून फेकतो आणि मग आत काही सापडत नाही म्हणून रडतो.

मी आयुष्यभर मध्यात शोधत होतो. गोदाकाठची ताई, तुमच्या पक्ष्याचं शेपूट! "पुच्छं प्रतिष्ठा" म्हणजे बूडच की. मधलं टिंब नव्हे, सगळ्या थरांना धरून ठेवणारं, खालचं.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ८:२९

म्हणजे शेवटी कांदाच जिंकला. शेतकऱ्याला भाव मिळाला नाही तरी.

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री ९:१५

कांदेनवमी, स्वयंपाकघरात जाऊन उभा चिरून आले. इतकी वर्षं "प्रतिष्ठा" शब्दाचा अर्थ मुलांना 'आधार' असा लिहून दिला, पण असा दिसला नव्हता.

तरी मास्तरकी सुटत नाही. बूडही कांद्याचाच भाग आहे, कांद्याबरोबर तेही सडतं. ब्रह्माबद्दल शंकराचार्य हे मान्य करणार नाहीत. उपमा जिथपर्यंत येते तिथपर्यंत न्यावी.

त्रिरश्मी | शुक्रवार, रात्री ९:२१

सडतं म्हणताय ना? मग मी इथेच बसलोय. :)

श्वासोच्छ्वास | शुक्रवार, रात्री १०:००

सोमवारच्या वर्गात कांदा उभा चिरून नेणार आहे. वर्गाला वास येईल तेवढं सोडलं तर यात वाईट काही दिसत नाही. वर्तुळं पुसणार नाही, पण मधलं टिंब काढून टाकते.

बालवाडीताई | शुक्रवार, रात्री १०:१२

मी नेणार नाही. सव्वीस पोरं एकदम रडली तर शुक्रवारचं कसं होणार?

कांदेनवमी | शनिवार, सकाळी ६:४५

ओतारीबुवा, एक विचारायचं होतं. साच्यात रस जाताना बघायला मिळेल का? टूलरूममध्ये साचे बनवले, पण ओतकाम नेहमी बाहेरून करून यायचं, जवळून कधी बघितलं नाही. येताना मिसळ आणतो.

ओतारीबुवा | शनिवार, सकाळी ७:३०

या की. आज नाही, आज साचे वाळतायत. ओल राहिली तर रस उसळून अंगावर येतो, तेव्हा त्यात घाई चालत नाही. पुढच्या शनिवारी ओतायचंय, खंडोबाचे टाक आणि दोन समया. ९ च्या आत या, नंतर ऊन आणि भट्टी दोन्ही मिळून उभं राहवत नाही. सुती कपडे घाला, टेरिकॉट नको, ठिणगी उडते. चपला नको, बूट घाला. मिसळ ओतकाम झाल्यावर खाऊ.